साळिंदराच्या आईचा आवाज

१

साळिंदराच्या आईचा आवाज चोरीला गेला आणि चोरीचा माल साऱ्या जगाने फुकटात ऐकला. तरी स्टुडिओत सकाळी पहिला प्रश्न विचारला गेला तो असा : "आता शेवटच्या भागाचं काय?"

विचारणारे अर्थातच मालक. कानवालीने हातातला हेडफोन टेबलावर आपटला.

"तिचं काय, ते नाही विचारलंत."

"अगं, तिचंही वाईट वाटतंच की. पण मालिकेवाल्यांना आज संध्याकाळपर्यंत भाग हवाय. आणि आवाज बदलता आला तर उत्तम, असं म्हणालेत."

हा स्टुडिओ मुलांच्या कार्टून मालिकांचं डबिंग करतो. कानवाली तिथली ध्वनिसंपादक. सगळ्यांचे संवाद ती कापते, जोडते, साफ करते. शेजारच्या इमारतीत कुणी फ्रीज उघडला तरी हिला कळतं, अशी तिची ख्याती, म्हणून हे नाव पडलं. स्वभावाने तिखट. ज्या बाईबद्दल बोलणं चाललं होतं ती मालिकेत साळिंदराच्या आईचा आवाज द्यायची, म्हणून मालकांपासून झाडूवालीपर्यंत सगळे तिला आईच म्हणायचे.

आईच्या जन्माच्या दाखल्यावर 'मुलगा' असं लिहिलेलं होतं. स्टुडिओत हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर कुणालाच नव्हतं. काल एका निनावी खात्यावरून एक छोटी क्लिप पडली, वर मथळा : 'तुमच्या मुलांची आई ऐका.' खाली तिचा फोटो आणि दाखल्याची गोष्ट. क्लिपमध्ये एक जाड, घोगरा पुरुषी आवाज म्हणत होता, "मुलांना काय कळतंय? सांगाल ते खरं मानतात. मला वाटेल ते मी होईन, कुणाला कशाला विचारू?" आणि शेवटी एक बारीकसं, कुत्सित हसू.

मग काय विचारता! आयती मेजवानी. कुणी जीवशास्त्र काढलं, कुणी शब्दकोश. एकाने बाईची व्याख्या मांडली, दुसऱ्याने ती फाडली, तिसऱ्याने दोघांच्या आयांचा उद्धार केला. गर्भाशय काढलेल्या बायका कुठे मोडतात, यावर दोन पुरुष पहाटेपर्यंत भांडले. सगळ्यांना बाई म्हणजे काय ते अगदी पक्कं माहीत होतं. एक बाई कालपासून जेवलेली नाही, एवढंच कुणाला माहीत नव्हतं.

कानवाली तडक आईच्या घरी गेली. आईने दार उघडलं, आत घेतलं, आणि तोंडातून शब्द न काढता फोनवर लिहून दाखवलं : 'बोलले तर शेजारी ऐकतील.'

जिन्यात खेळणारी मुलं रोज तिला थांबवून 'साळिंदराचं करा ना' म्हणायची. आज त्यांच्या आयांनी त्यांना आत ओढून दारं लावून घेतली होती. कानवालीने ते येतानाच पाहिलं होतं.

"अगं, ते तू बोललीस का?"

'नाही.' मग बोट पुन्हा काचेवर फिरलं. 'पण तो माझा जुना आवाज वाटतो. जो मी वर्षानुवर्षं घासून घासून बदलला. कुणी कुठून आणला ग तो?'

मोठ्या बाईमाणसाने असं हुंदका गिळून रडणं कानवालीला बघवेना. ती उठली. "आज दुपारी स्टुडिओत ये. शेवटचा भाग तूच करायचास. आणि ज्याने हे केलं ना, त्याला मी सोडत नाही."

आईने लिहिलं : 'आवाजच फुटत नाहीये.'

२

कानवालीने क्लिपमधली तिन्ही वाक्यं मोठ्या स्पीकरवर लावली आणि आवाजाची पट्टी हळूहळू वर चढवत नेली. एका जागी घोगरेपणा गळून पडला आणि आई बोलू लागली. रोजची, मऊ, ओळखीची आई.

म्हणजे पट्टी कुणीतरी मुद्दाम खाली उतरवली होती. पुरुष असा बनवला होता तर!

पहिलं वाक्य तर तिने स्वतः साफ केलेलं होतं. पिल्लांनी घुबडआजीची बोरं खाल्ली, तेव्हा साळिंदराची आई त्यांची बाजू घेऊन म्हणते, "मुलांना काय कळतंय?" दुसरंही सापडलं. कोल्हा पिल्लांना फसवतो त्या भागात आई काळजीने म्हणते, "भोळी आहेत हो, तुम्ही सांगाल ते खरं मानतात." त्याचं फक्त शेपूट कापून घेतलं होतं. लेकरांची कड घेणाऱ्या बाईच्या तोंडून लेकरांना फसवणारा पुरुष काढला होता. कानवालीची कानशिलं तापली.

तिसरं वाक्य मात्र कुठेच सापडेना. पहिल्या भागापासून सगळे भाग तिच्या हाताखालून गेलेले. 'मला वाटेल ते मी होईन' कुठल्याच भागात नव्हतं.

आणखी एक गोष्ट खटकली. वेगवेगळे तुकडे जोडले की मधे भोकं पडतात, ठार शांत. बाहेरच्या माणसाला त्याचं काही वाटत नाही. धंद्यातल्या माणसाला मात्र चैन पडत नाही. तो रिकाम्या खोलीची शांतता वेगळी रेकॉर्ड करून ठेवतो आणि सगळ्या तुकड्यांखाली अंथरतो. कारण कुठलीच खोली पूर्ण शांत नसते, आणि प्रत्येकीची शांतता निराळी असते. या क्लिपखाली तशी शांतता अंथरलेली होती, एकसंध, कुठे चुणी नाही. पट्टी उतरवल्यावर अंथरली होती, कारण ती शांतता उतरलेली नव्हती.

म्हणजे चोर घरातला. आणि हात सवयीचा.

कानवालीने डोळे मिटून ती शांतता ऐकली. भिंतीतून पाण्याच्या नळाची बारीक शीळ. स्टुडिओत दोन बूथ होते, मोठा आणि धाकटा. नळ धाकट्या बूथच्या भिंतीतून जायचा, म्हणून तो कुणाला नको असायचा. आई नेहमी मोठ्या बूथमध्ये उभी राहायची. धाकट्या बूथमध्ये एकच व्यक्ती बसून काम करायची, कारण तिला गुडघ्यांमुळे उभं राहवत नसे आणि मोठ्या बूथमधला माईक खाली यायचा नाही.

घुबडआजी. म्हणजे तिचा आवाज देणाऱ्या मोठ्या बाई. ज्यांनी काल आपल्या खऱ्या नावाने, आपल्या फोटोसकट ती क्लिप पुढे पाठवली होती आणि वर लिहिलं होतं : 'आवाज घडवता येतो, हसणं लपत नाही. शेवटचं पुरुषी हसू ऐका.'

३

मोठ्या बाई दुपारी येणार होत्या. तोवर कानवाली मालकांच्या खोलीत घुसली. धाकट्या बूथची शांतता मालकांकडेही होती आणि मालक मूळचे संपादकच. दार ढकललं तर आत एका अनोळखी मुलीचा आवाज घुमत होता : "या रे पिल्लांनो, काटे सांभाळा..."

साळिंदराच्या आईचे संवाद, दुसऱ्याच कुणाच्या तोंडी.

"वा मालक! मढं उचलायच्या आधीच बिछाना विकायला काढलात."

मालकांनी घाईघाईने स्पीकर बंद केला. "सकाळी बोलावली मी तिला. सकाळी! क्लिप आल्यावर. माझ्याकडे बघू नकोस अशी. पगार कुठून देऊ तुमचे?"

"क्लिप तुम्ही बनवलीत?"

"मी?" मालक खुर्चीतून अर्धे उठले. "घाबरट आहे मी, मान्य. हलकट नाही."

तिने त्यांच्यापुढे लॅपटॉप ठेवला आणि क्लिप लावली. मालकांनी कपाळाला आठ्या घालून ऐकली, आणि भीती विसरून एकदम चिडले. "हे काय? प्रत्येक वाक्याआधी श्वास ठेवलाय? कापलेल्या वाक्याला श्वास असेल कुठून? हा मागून चिकटवलाय बघ. कोण करतं असली नसती उठाठेव? मी असतो तर सगळे उडवले असते."

ते खरं होतं. मालकांचे जुने भाग ऐकले की पात्रं धापही न टाकता बोलत सुटतात. चोरी करतानाही माणसाचा हात सवय सोडत नाही. मालक सुटले.

पण वाक्याआधीचा श्वास कोण जपतं, हे स्टुडिओतल्या भिंतींनाही पाठ होतं. त्यावरून कानवालीशी भांडणं व्हायची. 'श्वास काढलास की पात्र मरतं,' असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस म्हणजे मालिकेचा दिग्दर्शक. बोलणं फुलोऱ्याचं, म्हणून मागे सगळे त्याला कवीराज म्हणायचे.

कानवालीने तो विचार झटकून टाकला. कारण कालपासून आईसाठी जिवाचं रान करणारा एकच माणूस होता, तो म्हणजे कवीराज. 'मी तिच्या पाठीशी उभा आहे' या त्याच्या मजकुरावर बदामांचा पाऊस पडला होता. आज दुपारी मोठ्या बूथमधून तो थेट चर्चा करणार होता. विषय, 'बाई कुणाला म्हणायचं?' हजारो लोक आधीपासून वाट बघत बसले होते.

त्याच्यावर संशय घ्यायचा तर मोठ्या बाईंच्या बूथची शांतता आडवी येत होती. बाहेर काठी टेकल्याचा आवाज झाला.

४

"विचार काय विचारायचं ते," मोठ्या बाई धाकट्या बूथच्या खुर्चीत टेकत म्हणाल्या. "पण आधीच सांगते, माझं मत मी लपवलेलं नाही. बाई जन्माला येते. अंगाने जे भोगावं लागतं ना, त्यातून बाई होते. हे मी तिच्या तोंडावर सांगितलंय. ती वाद घालते, मी वाद घालते, मग आम्ही एकाच डब्यातलं खातो."

"आणि काल तिची क्लिप गावभर वाटलीत."

मोठ्या बाईंचा चेहरा पडला. "ऐकून डोकंच फिरलं माझं. वाटलं, इतकी वर्षं हिने आपल्याला बनवलं. मुलांना फसवते म्हणून फुशारकी मारते! तसं नसतं तर मी कशाला..."

"तसं नाहीच आहे. तुकडे जोडलेत. दोन वाक्यं आपल्याच भागांतली आहेत. तिसरं सापडत नाहीये."

"तिसरं कुठलं?"

"मला वाटेल ते मी होईन."

मोठ्या बाई थबकल्या. "ते होय! ते कसं सापडेल तुला? ते कापलं की. रेकॉर्डच झालं नाही."

"कापलं? कधी?"

"वाचनाच्या टेबलावर. तू कुठे असतेस तिथे! पिल्लू विचारतं, आई, तू घुबड होशील का? तर साळिंदराची आई म्हणते, मला वाटेल ते मी होईन, कुणाला कशाला विचारू? मालिकेवाल्यांची माणसं बसली होती, त्यांना उद्धट वाटलं. तिथल्या तिथे काट मारली. बूथपर्यंत आलंच नाही ते."

बूथमध्ये कधीच न बोललेलं वाक्य क्लिपमध्ये होतं. मग ते आलं टेबलावरून. आणि टेबलाच्या खोलीत पंख्याची खडखड असते, ती झाकायला वर धाकट्या बूथची, नळाची शीळ असलेली शांतता अंथरली.

"बाई, तेव्हा तुम्ही काय केलंत? ते वाक्य ऐकल्यावर?"

"मी? हसले. ती वाचताना माझ्याकडे बघत होती ना मुद्दाम. घुबड म्हणजे मी. खोडी काढत होती माझी. मलाही हसू आलं."

कानवाली लॅपटॉपवर वाकली. क्लिपचा शेवट, ते कुत्सित हसू, वेगळं काढलं. आईचा आवाज ज्या पट्टीने उतरवला होता तेवढीच पट्टी चढवली. बटण दाबलं.

छोट्या बूथमध्ये मोठ्या बाईंचं हसू उमटलं. बारीक, नाकातून येणारं, खास त्यांचं. जे ऐकायला मुलं घुबडआजीचे भाग पुन्हा पुन्हा लावायची.

मोठ्या बाई पांढऱ्याफटक पडल्या. "हे... हे पुरुषी हसू माझं?"

"तुमचंच. तुम्हीच जगाला ऐकायला सांगितलंत."

बाईंनी काठीची मूठ घट्ट धरली. "एक खटका फिरवला की मी पण पुरुष! आणि हजार लोकांनी माझ्याखाली लिहिलं, हो हो, अस्सल पुरुष." मग त्यांनी डोळे वर केले. "कोण आहे तो मेला?"

"तुम्ही सांगा. टेबलावर रेकॉर्ड कोण करत होतं?"

"एकच माणूस करतो. नेहमी. वाचनाचा वेग बघायला म्हणून चहाच्या कपाशेजारी ते यंत्र ठेवतो."

शेजारच्या मोठ्या बूथमधून कवीराजचा घोटलेला आवाज आला. चर्चेची तयारी चालली होती.

५

कवीराज कॅमेऱ्यासमोर कॉलर सारखी करत होता. कानवाली आत शिरली, मागोमाग मोठ्या बाई. दारात मालक रेंगाळले, त्यांना आत यायचंही नव्हतं आणि चुकवायचंही नव्हतं.

"बरं झालं आलीस," कवीराज म्हणाला. "माझा माईक बघतेस का जरा? आज तिची बाजू अशी मांडतो की..."

"तिची क्लिप तुम्ही बनवलीत."

कवीराज हसला. "मी? मी तिच्यासाठी लढतोय."

"लढाई आधी लावून द्यायची असते ना. बाहेरच्याला ही शांतता अंथरता आली नसती. मालकांनी श्वास ठेवले नसते, चिकटवणं तर दूरच. मोठ्या बाईंनी स्वतःचंच हसू पुरुषी म्हणून गावभर वाटलं नसतं. आणि ते तिसरं वाक्य बूथमध्ये कधी बोललंच गेलं नाही. ते फक्त तुमच्या त्या यंत्रात आहे. शेवटी मोठ्या बाईंचं हसू राहिलं, बघा. परिणामकारक वाटलं असेल तुम्हाला. दिग्दर्शक पडलात. काढा यंत्र बाहेर."

"ते हरवलंय."

"वरच्या खिशात आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "फुगलाय खिसा."

कवीराजचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच थांबला. मग त्याने आवाज खाली आणला.

"ऐका. आज ना उद्या कुणीतरी तिचं उघड केलंच असतं. सडक्या डोक्याच्या एखाद्याने केलं असतं आणि ती एकटी पडली असती. मी निदान एक चर्चा उभी केली. हजारो लोक तिच्या बाजूने बोलतायत, बघा तरी! एवढा मोठा प्रश्न आहे हा, त्यासाठी कुणाला तरी झळ सोसावीच लागते."

"मग स्वतःची कातडी का नाही पुढे केलीस?" कानवालीचं अहोजाहो संपलं. "घराला आग तू लावायचीस आणि बंब घेऊनही तूच यायचंस. लोकांनी टाळ्या तुला वाजवायच्या. आणि आत जळतेय ती? ती घरात तोंड उघडायला घाबरतेय रे! जिन्यातली पोरं तिच्यापासून लांब ओढून नेली. तुझ्या त्या मोठ्या प्रश्नात ती बसते कुठे?"

कवीराजने ओठ चाटले. मग त्याने शेवटचं हत्यार काढलं, आणि ते बोथट नव्हतं. "हे बाहेर काढलंस तर समोरचे काय म्हणतील? म्हणतील, बघा, ह्यांचं सगळंच खोटं. उद्या खरोखर कुणावर अन्याय झाला तर कुणी विश्वास ठेवणार नाही. तिच्यासारख्या सगळ्यांचं नुकसान होईल. गप्प बसण्यातच तिचं भलं आहे. विचार तिला."

त्यात तथ्य होतं, आणि हलकट माणसाच्या तोंडून तथ्य ऐकण्यासारखा संताप नाही.

"विचार की," दारातून कुणीतरी म्हणालं. "मी इथेच आहे."

६

आई उभी होती. कधी आली, किती ऐकलं, कुणाला कळलं नाही. कालपासून न वापरलेला आवाज खरखरत होता, कुठे जाड, कुठे फाटलेला. तिने घसा साफ केला नाही.

"सगळ्यांच्या भल्यासाठी गप्प बसायचं," ती कवीराजला म्हणाली. "लहानपणापासून हेच सांगतायत मला. घरच्यांच्या भल्यासाठी, शेजाऱ्यांच्या भल्यासाठी. तेव्हा सांगणारे निदान माझी बाजू घेतो म्हणत नव्हते. ऊठ."

"अगं, आपण शांतपणे..."

"ऊठ तिथून!"

कवीराज उठला. आई त्याच्या खुर्चीत बसली. चर्चा सुरू व्हायची वेळ झालीच होती. कानवालीने तिच्याकडे पाहिलं, आईने मान हलवली, आणि कानवालीने बटण दाबलं.

आईने नमस्कार-चमत्कार केले नाहीत. क्लिप कशी जोडली, कुणी जोडली, हसू कुणाचं, ते सरळ सांगितलं. कानवालीने आधी उतरवलेला आवाज ऐकवला, मग खरा. मोठ्या बाई काठी टेकत कॅमेऱ्यासमोर आल्या. "ते हसू माझं आहे," त्या म्हणाल्या. "मी या विषयावर जे मानते तेच मानते. पण मी खोटी गोष्ट पसरवली आणि माझ्यासोबत काम करणाऱ्या बाईला दुखवलं. मला लाज वाटते." आपण तिला 'बाई' म्हणालो, हे त्यांच्याही लक्षात आलं असावं. त्यांनी शब्द मागे घेतला नाही.

"आता तुमची ती व्याख्या," आई शेवटी म्हणाली. "ती तुम्ही खुशाल ठरवत बसा. भांडा, मला काही म्हणायचं नाही. पण ते भांडण माझ्या अंगावर बसून करू नका. मला काम आहे."

कानवालीने कॅमेरा बंद केला. फोनवर प्रतिक्रिया धो धो येत होत्या. अर्धे माफी मागत होते. अर्धे म्हणत होते, हा आत्ताचा आवाजच बनावट आहे, नीट ऐका. आणि कवीराज जिन्यात उभ्या उभ्या लिहीत होता. त्याचा माफीनामा इतका सुंदर उतरला की तासाभरात सगळ्यात जास्त बदाम त्यालाच पडले. कानवालीने फोन पालथा टाकला आणि एक सणसणीत शिवी हासडली. मोठ्या बाईंनी तिला दटावलं नाही.

मालक फोन कानाला लावून आत आले. "मालिकेवाले आहेत. म्हणतायत, वातावरण निवळेपर्यंत दुसरा आवाज..."

कानवालीने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. "वातावरण निवळायचं नाही. भाग संध्याकाळी मिळेल, आवाज हाच असेल. नको असेल तर भाग कापायला दुसरं माणूस बघा."

"आणि घुबडही," मोठ्या बाईंनी लांबूनच ओरडून सांगितलं.

मालकांनी डोळे मिटून घेतले. मग पलीकडचा माणूस चिरक्या आवाजात म्हणाला, "पाठवा."

आई मोठ्या बूथमध्ये उभी राहिली. शेवटच्या भागात कोल्हा बिळाच्या तोंडाशी येतो आणि पिल्लांना बाहेर बोलावतो, तेव्हा साळिंदराची आई आडवी येते. कागदावर लिहिलं होतं : 'आई त्याला समजावते.'

आईने समजावलं नाही. "एक पाऊल पुढे टाकून बघ," ती म्हणाली, आणि काचेच्या या बाजूला मालकही दोन पावलं मागे सरकले. पुढची वाक्यं तिने एका दमात संपवली. घसा फाटत होता, तरी ती थांबली नाही.

कोल्हा पळाला. आईने हेडफोन काढला, घाम पुसला आणि काचेतून पाहिलं.

"फार रागात गेलं का ग?"

"हो."

"परत घेऊया?"

"नको," कानवाली म्हणाली. "असंच जाऊ दे."